गोरिलांच्या डोंगरावर आईचं काळं तिखट

आमच्या घरात कावळ्याला दिलेला शब्द मोडत नाहीत, म्हणून आम्हाला आफ्रिकेत जावं लागलं.

हे वाक्य मी रवांडात उतरल्यावर किगालीच्या विमानतळावरच म्हणणार होते. तिथल्या अधिकाऱ्यानं साधाच प्रश्न विचारला होता, "येण्याचं कारण?" आणि मला खोटं बोलायची भीती वाटते. पण मागं रांग होती, म्हणून "पर्यटन" एवढंच सांगितलं. इथं मागं रांग नाही, तेव्हा नीट सांगते. (मला विनोदी लिहिता येतं असं अजून कुणी म्हटलेलं नाही. पण ही हकिगत ज्यांना सांगितली ते हसले, आणि हसून झाल्यावर आईबद्दल विचारू लागले. म्हणून लिहून बघते आहे.)

माझे वडील, म्हणजे अण्णा, बार्शीकडचे. कतारला आले तेव्हा क्रेनवर हेल्पर होते आणि बिरकत अल अवामेरच्या कामगारांच्या कॅम्पात बाकीच्या एकट्या माणसांबरोबर राहायचे. पुढं फोरमन झाले, रास लफानच्या गॅस प्रकल्पावर गेले, फॅमिली व्हिसा मिळाला, आणि आई आणि मी जवळच्या अल खोर गावात राहायला आलो. अण्णा पहाटे कंपनीच्या बसनं जायचे, मी शाळेत जायचे, आणि आई घरात असायची. बाहेर ऊन, आत एसी, खिडक्यांना जाड पडदे. आईला मराठीशिवाय काही येत नव्हतं. शेजारीण भेटली की आई हसायची, शेजारीणही हसायची, आणि मग दोघी लिफ्टच्या दाराकडे बघत उभ्या राहायच्या.

दुपारी ती टीव्हीवर जंगलातले प्राणी बघायची. निवेदन कधी इंग्रजीत असायचं, कधी अरबीत. आई आवाज बंद करून टाकायची. वाघ-सिंह लागले की भाजी निवडायला घ्यायची, पण गोरिला लागले की हातातलं काम थांबायचं. धुक्यातला हिरवा डोंगर, आणि पिल्लाला पाठुंगळी घेऊन चाललेली गोरिलीण.

"बघ शितल," ती म्हणायची, "कसं सगळं चाललंय. एक शबुद बोलावा लागत न्हाई बघ."

आणि संध्याकाळी अण्णा आले की म्हणायची, "अवं, एकदा तिकडं जाऊन बघायचं हे."

"जाऊ की. पुढच्या सुट्टीत," अण्णा म्हणायचे.

पुढची सुट्टी लागली की आम्ही गावी जायचो. त्याच्या पुढचीही लागली की गावीच जायचो. मग एका सुट्टीच्या आधी आई आजारी पडली. उपचारासाठी तिला सोलापूरला नेलं. ती पुन्हा अल खोरला आली नाही.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि सगळे मागं सरून उभे राहिले. कावळा बाभळीवर बसला होता, पण खाली येत नव्हता. आमच्याकडे अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा कुणीतरी मोठ्यानं बोलून पुरी करायचं कबूल करायचं असतं. थोरले काका पुढं झाले. म्हणाले, "शितलचं लगीन थाटात करू." कावळा आणखी वरच्या फांदीवर गेला. (त्या कावळ्याचे माझ्यावर उपकार आहेत.) आत्या म्हणाली, "तिच्या पाटल्या शितललाच देऊ, दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ देणार न्हाई," आणि असं म्हणताना तिनं धाकट्या काकूकडे बघितलं. कावळा चोच फांदीला घासायला लागला. काका म्हणाले घरावर स्लॅब टाकू. आत्या म्हणाली देवीला साडी नेसवू. अर्धा तास सगळं घराणं कावळ्याला एकेक गोष्ट दाखवत होतं आणि कावळा एखाद्या चिकित्सक गिऱ्हाइकासारखा मान वळवत होता.

मग अण्णा पुढं झाले. त्यांनी हात जोडले आणि अगदी हळू म्हणाले, "गोरिला बघायला नेतो म्हणलो हुतो. नेतो. या बारीला नक्की नेतो."

कावळा खाली आला.

सगळ्यांनी हात जोडले. आणि मग आत्यानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "कोण गं गोरिला? तुमच्या तिकडचं कुणी हाय का?"

अल खोरला परत आल्यावर अण्णा बोलेनासे झाले. म्हणजे "जेवलीस का", "कुलूप लावलंस का" एवढं बोलायचे. त्याहून जास्त बोलायला घरात विषय नव्हता, किंवा एकच होता आणि तो दोघांनाही नको होता. मी कॉलेजात इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षात गेले. आमच्या सगळ्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे घरच्यांच्या मते मला सगळं येतं. काकांच्या गुडघ्याला काय लावावं हेही मला येतं. फक्त वडिलांशी बोलायला कसं लागायचं ते शिकवणारा विषय आमच्या कॉलेजात नाही.

वर्षश्राद्ध झालं. पुढच्या सुट्टीचे दिवस आले तेव्हा एका संध्याकाळी अण्णा माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले.

"यंदा गावी नको," ते म्हणाले. "गावी गेलं की सगळे तिचंच विचारत्यात."

"मग?"

"तू कॉलेजात जातीस. ते गोरिला कुठं असत्यात ते काढ."

मी काढलं. दोन दिवसांत मी गोरिलांवर जितकं वाचलं तितकं परीक्षेच्या आधीही कधी वाचलं नव्हतं. गोरिला ज्वालामुखींच्या उतारावर राहतात. एका वेळी आठच माणसांना वर सोडतात, आणि जवळ एकच तास थांबू देतात. तिथं खायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, तोंडाला मास्क लावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सर्दी-खोकला असलेल्या माणसाला वर जाऊच देत नाहीत, कारण आपला आजार गोरिलांना लागतो. शिवाय चिखलातून कित्येक तास डोंगर चढावा लागतो.

हा शेवटचा मुद्दा जरा अवघड होता. कतारमध्ये डोंगर नाही. टेकाड म्हणावं असंही अल खोरच्या आसपास काही नाही. जी काय उंची आहे ती इमारतींना. मग अण्णांनी आमच्याच इमारतीचा जिना घेतला. कामावरून आले की पाठीवर बासमतीची थैली ओढणीनं बांधायची आणि तळापासून गच्चीपर्यंत चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. मागून मी, पाठीवर इंजिनियरिंगची पुस्तकं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी खालच्या नेपाळी वॉचमननं अण्णांना अडवलं. "अंकल, लिफ्ट खराब है क्या?"

अण्णांना दम लागला होता. त्यांनी नुसती मान हलवली, आपल्याकडे हलवतात तशी. त्यातून हो घ्यावं की नाही ते समोरच्यानं ठरवायचं असतं. वॉचमननं हो घेतलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टचा माणूस आला. त्यानं लिफ्ट बंद केली, उघडली, आतून एक भाग काढला, तो बराच वेळ हातात धरून बघितला आणि म्हणाला, नवीन मागवावा लागेल. कधी येईल? "इन्शाल्ला, उद्या."

तो उद्या यायला पुढचा आठवडा लागला. तोवर सगळी इमारत जिना चढत होती. पाण्याचे कॅन घेतलेली माणसं, बाळं घेतलेल्या बाया. वरची मलयाळी नर्स प्रत्येक मजल्यावर थांबून भिंतीला टेकायची. आणि त्या सगळ्यांच्या मधून, पाठीवर तांदूळ बांधून, अण्णा वर-खाली करत होते.

"तुम्ही रोज एवढं धान्य का नेता?" त्या नर्सनं एकदा मला विचारलं.

"सराव करतोय," मी म्हणाले. "गोरिला बघायला जायचंय." मला खोटं बोलायची भीती वाटते हे आधी सांगितलंच आहे. त्या दिवसानंतर ती आमच्याकडे बघून जास्तच प्रेमानं हसायला लागली. ओळखीतली कुणी वेडी झाली की बाया हसतात तसं.

निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी फ्रीजरमधून एक पिशवी काढली. आईच्या हातचं काळं तिखट. दरवर्षी मे महिन्यात आई ते गावी करायची आणि वर्षभराचं इकडं आणायची. ही शेवटची पिशवी. ती गेल्यापासून अण्णा त्याला हात लावत नव्हते आणि मलाही लावू देत नव्हते. आमच्या घरातली आमटी इतके दिवस का पिवळी होती ते मला तेव्हा कळलं. (मला वाटत होतं, त्यांना ॲसिडिटी आहे.)

"हे न्यायचं," अण्णा म्हणाले. "तिथं डोंगरापाशी तिचा घास ठिवू. तिच्या हातचं तिखट आन् कडक भाकरी. एवढं तिला पुरं."

आता इथं माझं शिक्षण आडवं आलं. रवांडात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात, हे मी वाचलं होतं. अण्णा म्हणाले, फडक्यात बांध. मी म्हणाले, सांडेल. मी बाजारातून एक डबा आणला. झाकणाला आतून रबराची कड आणि चारी बाजूंनी खटके. त्यात मी तिखट अगदी काठोकाठ दाबून भरलं आणि चारी खटके लावले. "यात हवासुद्धा जात-येत नाही अण्णा," मी अभिमानानं म्हणाले. समुद्रसपाटीवर भरलेला हवाबंद डबा उंच डोंगरावर नेला तर आतल्या हवेचं काय होतं, हे मला पहिल्याच वर्षाला होतं. त्या पेपरात मला चांगले मार्क पडले होते.

रवांडा हिरवागार आहे. इतका की अण्णांनी किगालीपासून डोंगरापर्यंत गाडीची काच खाली केली ती वर केलीच नाही. ज्वालामुखी दिसले तेव्हा ते जरा नाराज झाले. ढगात डोकी गेलेले उंच डोंगर, आणि त्यांच्या पोटापर्यंत बटाट्याची शेतं.

"ज्वालामुखी कुठंय?"

"हाच की."

"धूर न्हाई?"

"हा शांत झालाय अण्णा. फार जुना आहे."

अण्णा बराच वेळ डोंगराकडे बघत राहिले. "तिला आवडला असता," ते म्हणाले. आई गेल्यापासून "ती असती तर" असं त्यांनी माझ्याजवळ पहिल्यांदाच काढलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "बटाटे पण चांगले दिसतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना पायथ्याशी एका हिरवळीवर जमवलं. थंडी होती. आमच्या गटात आम्ही दोघं आणि आणखी सहा जण होते. त्यांच्यात एक जर्मन आजी होत्या, अण्णांपेक्षाही वयानं मोठ्या, हातात काठी आणि अंगात उत्साह. आमची रेंजर ताठ उभी राहणारी बाई होती. तिनं नियम सांगितले. वर काही खाता येणार नाही, कुणाला खायचं असेल त्यांनी आत्ताच खाऊन घ्या. त्यानंतर ती सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी करणार होती आणि मग निघायचं होतं.

मी अण्णांना मराठीत सांगितलं. ते दचकले. "वर न्हाई खाता येत? मग घास?"

"इथंच ठेवू. समोर डोंगर आहेच."

आम्ही जरा बाजूला, एका दगडापाशी गेलो. अण्णांनी कडक भाकरीचा तुकडा पानावर ठेवला. डब्याचे खटके त्यांना निघेनात. थंडीनं बोटं आखडली असतील, असं मला तेव्हा वाटलं.

"तू काढ," ते म्हणाले.

मी डबा छातीशी धरला, वरून वाकून बघितलं आणि पहिला खटका ओढला.

आतली फुगलेली हवा फट्ट करून सुटली. तिखटाचा एक काळपट लाल लोट डब्यातून निघाला आणि त्यातला मोठा हिस्सा माझ्या तोंडावर आला. उरलेला वाऱ्यावर निघाला. वारा डोंगराकडून हिरवळीकडे वाहत होता. तिकडे रेंजर बाईंनी नेमका त्याच वेळी प्रश्न विचारला होता, "तुमच्यापैकी कुणाला सर्दी, खोकला, शिंका असं काही आहे का?"

सहाच्या सहा जणांनी एकदम शिंकून उत्तर दिलं.

मला हे दिसलं नाही, ऐकू आलं; जे दिसलं नाही ते नंतर अण्णांनी आणि जर्मन आजींनी सांगितलं. माझे डोळे मिटले होते आणि ते आता आयुष्यात उघडतील असं वाटत नव्हतं. श्वास घेतला की खोकला येत होता, आणि खोकला आला की श्वास घ्यावा लागत होता. रेंजर बाई धावत आल्या. त्यांच्या मागून शिंका देत देत गट आला. कुणीतरी विचारलं, काय आहे हे, कसली पावडर? आम्हा दोघांत समजावून सांगण्याइतकं इंग्रजी मलाच येत होतं, आणि माझ्या तोंडून नुसता खो-खो निघत होता.

मग अण्णा बोलले. अण्णांचं इंग्रजी साइटवरचं आहे. त्यांनी दोन्ही हातांनी अर्धा रिकामा डबा उचलून दाखवला आणि म्हणाले, "माय वाइफ, मॅडम. लास्ट. खलास."

आपल्या अंगावर उडाली ती त्यांच्या बायकोची राख, असं सगळ्यांना वाटलं. एका माणसानं टोपी काढली. मी जीव खाऊन "नो, नो" म्हणायचा प्रयत्न केला, पण त्यांना वाटलं मुलगी हंबरडा फोडतेय. जर्मन आजी पुढं आल्या, त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला आणि आपल्या भाषेत काहीतरी हळूच म्हणाल्या. मग त्यांनी नकळत ओठांवरून जीभ फिरवली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी डब्यात बघितलं, अण्णांकडे बघितलं, आणि बोट बुडवून पुन्हा एकदा चाटलं.

"चिली," त्या जाहीर करून म्हणाल्या. "बायकोनं बनवलेलं?"

"येस," अण्णा म्हणाले. "शी मेक. नाऊ शी नो मोअर."

आता सगळ्यांना सगळं कळलं, आणि का कुणास ठाऊक, टोपी काढलेल्या माणसानं ती परत घातली नाही.

पण नियम तो नियम. रेंजर बाईंनी सगळ्यांना तोंड धुवायला लावलं, थांबायला लावलं, पुन्हा तपासलं. सहाही जण बरे झाले. अण्णांना तर काही झालंच नव्हतं, आयुष्यभर त्यांनी हेच खाल्लं होतं. राहिले मी. माझं नाक वाहत होतं, डोळे पेरूएवढे सुजले होते आणि खोकला थांबत नव्हता. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या म्हणाल्या, ही मिरची आहे हे मला पटतंय. पण मिरचीच्या मागं सर्दी लपलेली नाही हे मला कसं कळणार? तिकडे लहान पिल्लं आहेत.

मी मान हलवली. त्यांचं बरोबरच होतं.

"मग मी बी जात न्हाई," अण्णा म्हणाले आणि दगडावर बसले.

"अण्णा, असं करू नका. जा तुम्ही."

"तुझ्याबिगर मला त्यांचं काय बोलणं कळणार? आन् तू एकटी हितं आंधळी बसणार."

"मला काही होत नाही. तुम्ही आईला शब्द दिलाय."

मी डोळे पुसत होते. आता ते तिखटानं वाहत होते की कशानं, हे मलाही कळत नव्हतं. आईच्या हातचं शेवटचं तिखट मी एका खटक्यात उधळून टाकलं होतं, ते डोंगराच्या गवतावर पडलं होतं, आणि आता तिचा डोंगरही माझ्यामुळं राहणार होता. मी म्हणाले, "सगळं सांडलं हो अण्णा माझ्या हातनं."

अण्णांनी दगडावरच्या पानाकडे बघितलं. भाकरीचा तुकडा तिखटानं पुरता माखला होता.

"सांडलं कुठं?" ते म्हणाले. "मी चिमूटभर ठिवणार हुतो. तिनं पाहिजे तेवढं वाढून घेतलं."

मग त्यांनी गळ्यातल्या उपरण्याच्या टोकानं माझं नाक पुसलं, मी अंगणवाडीत असताना सुट्टीवर आले की पुसायचे तसं. मास्क लावला आणि जर्मन आजींना हात देत गटाच्या मागून बटाट्याच्या शेतात शिरले. आजी म्हणाल्या, "यल्ला?" 'चला' या अर्थाचा हा अरबी शब्द बहुतेक अण्णांनीच त्यांना तेवढ्या वेळात शिकवला असावा.

माझा दिवस पायथ्याच्या बाकावर गेला. तिथल्या एका बाईनं डोळे धुवायला दूध आणून दिलं. दुपारपर्यंत डावा डोळा उघडला आणि त्यातून मी आफ्रिकेतला पहिला प्राणी पाहिला. शेळी होती.

गट परत आला तेव्हा सगळे चिखलानं माखले होते. जर्मन आजी आधी माझ्याकडे आल्या. "तुझे वडील फार बोलतात," त्या म्हणाल्या.

"माझे वडील?" मी मागं बघितलं. दुसरं कुणी नव्हतं.

"पूर्ण तासभर. अगदी हळू आवाजात, मास्कच्या आतून. वर वाट दाखवणाऱ्या गाइडनं एकदा-दोनदा खूण केली, मग सोडून दिलं. गोरिलांची काही तक्रार नव्हती."

अण्णा मागून आले. त्यांचे डोळे माझ्यासारखेच लाल होते, आणि त्यांना तर तिखट लागलं नव्हतं. ते माझ्या शेजारी बाकावर बसले. बूट काढले, मोजे झटकले, पुन्हा घातले.

"बघितलं?" मी विचारलं.

"बघितलं."

"काय बोलत होतात तिथं एवढं?"

"काय न्हाई." ते जरा लाजले. "तो गाइड इंग्लिशमध्ये सांगत हुता. हा म्हातारा, हिचं हे पिल्लू, ह्ये काय खात्यात. आता तुझ्या आईला इंग्लिश कुठं येतंय? मग मी तिला मराठीत सांगत हुतो."

मी त्यांच्या बुटाचा चिखल काडीनं खरवडायला लागले.

"मलाबी त्यातलं निम्मं कळलं न्हाई," अण्णा म्हणाले. "ते मी मनानं सांगितलं. तिला काय, खरंच वाटलं असंल."

आम्ही दोघं त्या बाकावर बसून हसलो. खूप दिवसांनी, पोट धरून. मग मला पुन्हा खोकला आला आणि अण्णांनी माझी पाठ चोळली, आणि खोकला थांबल्यावरही कितीतरी वेळ चोळत राहिले.

आता अल खोरमध्ये अण्णा बोलतात. शुक्रवारी कुणी मराठी माणसं घरी आली की चहाच्या आधी गोरिला येतो. पहिल्यांदा पाहुण्यांनी मला विचारलं, "शितल, तुला काय वाटलं गं बघून?" मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "आम्ही दोघं शेजारीशेजारी उभं हुतो." मी तोंड मिटलं. त्यानंतर प्रत्येक वेळी ते मध्येच थांबून विचारतात, "असंच हुतं ना गं?" आणि मी म्हणते, "अगदी असंच." गोरिलीण गवत कशी सोलते, म्हातारा गोरिला कसा कूस बदलतो, सगळं मला आता पाठ झालं आहे.

परवा अण्णा पाहुण्यांना सांगत होते की पिल्लू आईच्या डाव्या खांद्यावर चढून बसलं होतं. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "डाव्या नाही अण्णा. उजव्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शेळीपलीकडे काहीही पाहिलेलं नाही, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. अण्णांनी कप बशीत ठेवला. माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

"बरोबर, उजव्याच," ते पाहुण्यांना म्हणाले. "माझ्यापरीस हिला जास्त नीट दिसत हुतं."

मग मीच पुढं सरकून बसले आणि तिनं पिल्लाला कसं थोपटलं ते सांगायला लागले.